हिरवं कार्ड: सॉक सेव्हनचा डम्प हाताने वाचताना

ऐरोली, महापे, घणसोली या पट्ट्यात मेनफ्रेमचा, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकांचा, सपोर्ट करणाऱ्या टीम अजूनही आहेत. अमेरिकेतली रात्रीची बॅच, म्हणजे ओळीने चालणारे जॉब, आपल्याकडे सकाळी चालू असते आणि एखादा जॉब अबेंड झाला, म्हणजे मधेच कोसळून थांबला, की येणारा कोड बहुतेक वेळा ओळखीचा निघतो: एस०सी७. बोलताना सगळे सॉक सेव्हन म्हणतात. त्यातला सात कुठून आला, हे मात्र पुष्कळांना सांगता येत नाही. तो आयबीएमच्या सिस्टीम/३६० चा प्रोग्रॅम इंटरप्शन कोड, म्हणजे प्रोग्रॅम का थांबला ते सांगणारा आकडा, आहे. ही यंत्रमालिका ७ एप्रिल १९६४ ला जाहीर झाली. तिच्या प्रोग्रॅमरांसाठी निघालेल्या घडीच्या हिरव्या कार्डावर हा सात 'डेटा' या शब्दासमोर छापलेला आहे. आयबीएमच्या आजच्या झेड मशीनवरही तो सातच आहे.

कार्डाचं अधिकृत नाव 'सिस्टीम/३६० रेफरन्स डेटा', क्रमांक जीएक्स२०-१७०३. हे नाव कोणी वापरलं नाही. जगभर ते ग्रीन कार्ड म्हणूनच ओळखलं गेलं. जाड कागदाची लांब पट्टी, पंख्यासारखी घडी, दोन्ही बाजूंना बारीक छपाई, आणि घडी मिटली की शर्टाच्या खिशात जाईल एवढी रुंदी. इन्स्ट्रक्शनची यादी, त्यांचे फॉरमॅट, कंडिशन कोड, इंटरप्शन कोड, पीएसडब्ल्यूची (प्रोग्रॅम स्टेटस वर्ड, म्हणजे यंत्राच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद) रचना, मेमरीच्या सुरुवातीचे राखीव पत्ते, चॅनलचे कमांड, हेक्स (सोळाच्या पायावरचे आकडे) ते दशमान तक्ता आणि अक्षरांचा तक्ता असं सगळं त्यात आहे. मूळ मॅन्युअल, म्हणजे 'प्रिन्सिपल्स ऑफ ऑपरेशन', टेबलावर ठेवून वाचायचं. कार्ड मात्र एका हातात धरून, दुसऱ्या हाताने डम्पवर, म्हणजे अबेंडच्या वेळी छापलेल्या मेमरीच्या नकलेवर, पेन्सिल चालवायची.

आज डम्प नीट मांडून देणारी टूल्स आहेत आणि ती वापरावीत. पण टूल 'अमुक ओळीवर डेटा एक्सेप्शन' म्हणून थांबतं. फिल्डमधल्या चुकीच्या बाइट कुठून आल्या, हे बाइट वाचता येणाऱ्यालाच कळतं. ते वाचन शिकायला या कार्डाइतकं सोपं साधन मला दुसरं दिसत नाही. म्हणून त्याचा वापर इथे पायरीपायरीने मांडतो. हेक्समधले दहा ते पंधरा हे अंक मी ए, बी, सी, डी, ई, एफ असे लिहिले आहेत.

सर्वात आधी अक्षरांचा तक्ता. वरवर पाहिलं तर ही ईबीसीडिकची, म्हणजे मेनफ्रेमच्या अक्षरसंहितेची, यादी वाटते. पण त्यातली प्रत्येक ओळ एकाच बाइटचे अनेक अर्थ शेजारी शेजारी देते: दशमान किंमत, हेक्स किंमत, तो बाइट इन्स्ट्रक्शन म्हणून चालवला तर कोणती, अक्षर म्हणून छापला तर कोणतं, आणि पंचकार्डावर कोणती भोकं. हेक्स ५सी ची ओळ बघा. इन्स्ट्रक्शन म्हणून तो गुणाकार, म्हणजे एम, अक्षर म्हणून तारांकन, पंचकार्डावर ११-८-४. हेक्स ५बी म्हणजे वजाबाकीची एस, आणि डॉलरचं चिन्हही. हेक्स ४० म्हणजे एसटीएच, आणि मोकळी जागा, म्हणजे स्पेससुद्धा.

ही शेवटची जोडी डोक्यात पक्की बसवावी, कारण तिच्यामुळे माणसं तासन् तास चुकीच्या दिशेने शोधतात. चुकीच्या पत्त्यावर ब्रँच, म्हणजे उडी, झाली तर एस०सी१, म्हणजे अवैध ऑपकोड (इन्स्ट्रक्शन कोणती ते सांगणारा बाइट), येईल अशी आपली अपेक्षा असते. ब्रँच शून्यांच्या भागात गेली तर तसंच होतं, कारण ०० हा ऑपकोडच नाही. स्पेसेसच्या भागात गेली तर तसं होत नाही. ४०४०४०४० ही चार बाइटची वैध इन्स्ट्रक्शन आहे: रजिस्टर ४ (रजिस्टर म्हणजे प्रोसेसरमधली साठवणीची जागा) चा खालचा अर्धा भाग, रजिस्टर ४ मधल्या पत्त्यापुढे हेक्स ४० इतक्या अंतरावर साठव. रजिस्टर ४ मध्ये शून्य असेल तर पत्ता ६४ निघतो, तो सिस्टीमचा, म्हणून एस०सी४, म्हणजे संरक्षित जागेत लिहिण्याची चूक. रजिस्टर ४ मध्ये विषम पत्ता असेल तर ३६० वर एस०सी६ (पत्ता नियमात न बसण्याची चूक), आणि ३७० वर तेही नाही, कारण तिथे या इन्स्ट्रक्शनला पत्ता सम असण्याची अट राहिली नाही. आणि रजिस्टर ४ आपल्याच प्रोग्रॅमच्या भागाकडे दाखवत असेल तर काहीच होत नाही! तीच दोन बाइट पुन्हा पुन्हा त्याच जागी लिहिली जातात, स्पेसेस संपतात, आणि पुढे जे असेल त्यावर अबेंड येतो. तेव्हा डम्पमध्ये पीएसडब्ल्यूच्या अलीकडे सलग ४० दिसले तर फसलेल्या इन्स्ट्रक्शनच्या मागे लागू नका. तिथे कोणी पाठवलं ते शोधा. बहुतेक वेळा रजिस्टर १४ सांगतं, कारण बीएएलआर १४,१५ ने गेलेल्याचा परतीचा पत्ता त्यातच असतो.

याच तक्त्यात अक्षरांमधली भोकंही दिसतात. ए ते आय हे सी१ ते सी९, जे ते आर हे डी१ ते डी९, आणि एस ते झेड हे ई२ ते ई९. आय आणि जे यांच्यात सात किमती रिकाम्या, आर आणि एस यांच्यात आठ. कारण पंचकार्डात आहे. पहिल्या गटाला १२ ची पट्टी, दुसऱ्याला ११ ची, तिसऱ्याला ० ची. तिसऱ्या गटात ०-१ ही भोकं तिरक्या रेघेला आधीच दिलेली होती, म्हणून एस ची सुरुवात ०-२ पासून, म्हणजे ई२ पासून झाली. 'ए पासून झेड पर्यंत एकेक वाढवत जा' असं लूप लिहिलं की मधे अक्षर नसलेल्या किमती येतात. ॲस्की, म्हणजे बाकीच्या संगणकांची अक्षरसंहिता, डोक्यात ठेवून लिहिलेलं कोड मेनफ्रेमवर नेलं की हेच होतं.

आता फॉरमॅट. ऑपकोडचे पहिले दोन बिट इन्स्ट्रक्शनची लांबी सांगतात: ०० असेल तर दोन बाइट, ०१ किंवा १० असेल तर चार, ११ असेल तर सहा. हेक्समध्ये बोलायचं तर पहिला अंक ० ते ३ असला की दोन, ४ ते बी असला की चार, सी ते एफ असला की सहा. एवढं पाठ झालं की लिस्टिंगशिवायही (असेंब्लरने छापलेल्या प्रोग्रॅमच्या यादीशिवायही) डम्पमधला कोड तोडता येतो, पण सुरुवात अचूक असली पाहिजे. मॉड्यूलची सुरुवात ओळखायची खूण म्हणजे ९०ईसी डी००सी. ही एसटीएम १४,१२,१२(१३), रजिस्टर सेव्ह एरियात साठवणारी. शेवटाकडे ९८ईसी डी००सी आणि ०७एफई दिसतात: रजिस्टर परत भरा आणि रजिस्टर १४ वर परत जा. या तीन जागा डोळ्यांना सवयीच्या झाल्या की डम्पला दारं-खिडक्या असल्यासारखं वाटतं.

एक पूर्ण उदाहरण घेऊ. जुन्या ३६० पद्धतीचा पीएसडब्ल्यू असा आहे:

एफएफ८५०००७ ई००१४ए३ई

पहिला बाइट एफएफ, म्हणजे सिस्टीम मास्क. नंतर ८, ही स्टोरेज की. नंतर ५, यातून कळतं की यंत्र प्रॉब्लेम स्टेटमध्ये, म्हणजे सामान्य प्रोग्रॅम चालवत होतं. नंतर ०००७, हा इंटरप्शन कोड. दुसऱ्या शब्दाचा (शब्द म्हणजे चार बाइट) पहिला अंक ई, म्हणजे बिट १११०. त्यातले पहिले दोन बिट म्हणजे इन्स्ट्रक्शनची लांबी अर्ध्या शब्दांत, इथे ३, म्हणजे सहा बाइट. पुढचे दोन बिट म्हणजे कंडिशन कोड, इथे २. नंतरचा ० हा प्रोग्रॅम मास्क. उरलेले ०१४ए३ई हा पत्ता.

पहिली चूक इथेच होते. हा पत्ता फसलेल्या इन्स्ट्रक्शनचा नाही, तिच्या पुढच्या इन्स्ट्रक्शनचा आहे. सहा वजा करायचे: १४ए३ई वजा ६ बरोबर १४ए३८. लांबीचा अंक न बघता सवयीने चार वजा करणारे १४ए३ए वर पोचतात, म्हणजे इन्स्ट्रक्शनच्या पोटात. तिथले बाइट वाचून भलताच ऑपकोड सापडतो आणि मग सगळं विपरीत दिसायला लागतं. एक अपवाद लक्षात ठेवा. फसलेली इन्स्ट्रक्शन ईएक्सच्या (दुसरी इन्स्ट्रक्शन चालवायला लावणाऱ्या इन्स्ट्रक्शनच्या) मार्फत चालवलेली असेल तर लांबी ईएक्सची, म्हणजे चार, लागते. मागे गेल्यावर ४४ हा ऑपकोड दिसला तर खरी इन्स्ट्रक्शन ईएक्सने दाखवलेल्या पत्त्यावर आहे.

दुसरी पायरी, ऑफसेट. मॉड्यूल १४८०० वर लोड झालं आहे असं डम्प सांगतो. १४ए३८ वजा १४८०० बरोबर हेक्स २३८. लिस्टिंगच्या डावीकडच्या स्तंभात ०००२३८ शोधा. एका लोड मॉड्यूलमध्ये अनेक सीसेक्ट, म्हणजे प्रोग्रॅमचे वेगळे तुकडे, जोडलेले असतील तर ते जोडणाऱ्या लिंकेज एडिटरच्या मॅपमधून आपल्या सीसेक्टची सुरुवात काढून तीही वजा करावी लागते. ती विसरली तर ऑफसेट लिस्टिंगच्या शेवटाबाहेर जातो आणि 'लिस्टिंग चुकीच्या व्हर्जनचं आहे' असा निष्कर्ष काढला जातो. कधीकधी ते खरंच चुकीच्या व्हर्जनचं असतंही, पण आधी मॅप बघा. पडताळा सोपा आहे: ऑफसेटवरचे लिस्टिंगमधले बाइट आणि डम्पमधले बाइट जुळले पाहिजेत.

१४ए३८ वर डम्पमध्ये आहे:

एफए३२ सी३ए० सी३ए८

एफए म्हणजे एपी, पॅक्ड दशमान (एका बाइटमध्ये दोन अंक) बेरीज. पुढचा ३ आणि २ या दोन फिल्डच्या लांब्या, पण यंत्र लांबी एकने कमी लिहितं. म्हणून पहिलं फिल्ड चार बाइटचं, दुसरं तीन बाइटचं. हा एक मिळवायला विसरलं की शेवटचा बाइट, म्हणजे नेमका चिन्हाचा बाइट, बघायचा राहतो. नंतर सी३ए०: बेस रजिस्टर १२, डिस्प्लेसमेंट ३ए०. डिस्प्लेसमेंट बारा बिटचं, म्हणून एका बेसखाली ० ते ४०९५ एवढीच पोहोच.

रजिस्टर १२ डम्पमध्ये ४००१४८०६ असं दिसतं. वरचा ४० पाहून घाबरायचं कारण नाही. बीएएलआर १२,० चालली तेव्हा पत्त्याबरोबर तिची लांबी, कंडिशन कोड आणि प्रोग्रॅम मास्कही वरच्या बाइटमध्ये आले. पत्ता चोवीस बिटचा, तेवढाच घ्या: १४८०६. तो १४८०० का नाही? सुरुवातीची एसटीएम चार बाइटची, बीएएलआर दोन बाइटची, त्यांच्यापुढचा पत्ता म्हणून ६. आता १४८०६ अधिक ३ए० बरोबर १४बीए६, आणि १४८०६ अधिक ३ए८ बरोबर १४बीएई.

डम्पची ओळ १४बीए० पासून सुरू होते आणि तिच्यात प्रत्येकी चार बाइटचे आठ शब्द असतात. १४बीए६ म्हणजे दुसऱ्या शब्दाच्या मध्यापासून. तिथे चार बाइट आहेत ०००१२५०सी, म्हणजे अधिक १२५०. हे फिल्ड निर्दोष आहे. १४बीएई म्हणजे चौथ्या शब्दाच्या मध्यापासून, आणि तीन बाइट मोजताना शेवटचा पाचव्या शब्दात जातो. तिथे आहे ४०४०४०. पॅक्ड फिल्डच्या शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह असतं. ए, सी, ई, एफ म्हणजे अधिक. बी आणि डी म्हणजे उणे. इथे ० आहे. ते चिन्ह नाही, म्हणून कोड सात.

पण काम इथे संपत नाही. खरी माहिती आता हाती येते. ४०४०४० याचा अर्थ या फिल्डवर स्पेसेस जशाच्या तशा टाकल्या गेल्या. कोबोलमध्ये हे सर्रास घडतं: पूर्ण ग्रुपवर स्पेसेस मूव्ह केल्या आणि त्या ग्रुपमध्ये कॉम्प-३, म्हणजे पॅक्ड, फिल्ड होतं. तिथे ००००००  असतं तर फिल्डला सुरुवातीची किंमतच दिली नाही, किंवा लो-व्हॅल्यूज टाकल्या, असा तर्क. आणि शेवटी ४ असता, म्हणजे ००  ०० ०४, तर गोष्ट वेगळी: इनपुट फाइलमधलं पाच अक्षरांचं आकड्याचं फिल्ड मोकळं होतं आणि प्रोग्रॅमने ते पॅक केलं. पॅक इन्स्ट्रक्शन काही तपासत नाही, शेवटच्या बाइटचे दोन अर्धे फक्त उलटे करते. ४० चा ०४ झाला, ४ चिन्हाच्या जागी बसला, आणि पॅक शांतपणे पार पडली. अबेंड नंतरच्या बेरजेवर आला. पहिल्या दोन प्रकारांत दोष प्रोग्रॅममध्ये, तिसऱ्यात आलेल्या फाइलमध्ये. सकाळच्या कॉलवर कोणाला उठवायचं, ते या एका अर्ध्या बाइटवर ठरतं.

एफ१एफ२एफ३ दिसलं तर आकडा पॅक न करताच वापरला, म्हणजे फाइलच्या रेकॉर्डचं वर्णन आणि प्रत्यक्ष फाइल जुळत नाही. रेकॉर्डमधली फिल्ड एक-दोन बाइटने सरकली असली की तुकड्यांत हे दिसतं: अर्धं फिल्ड बरोबर आणि अर्धं शेजाऱ्याचं.

कंडिशन कोडचा तक्ता थोडा विस्ताराने घ्यायला हवा. कोड चारच, ० ते ३. ब्रँच इन्स्ट्रक्शनमधला मास्क त्यांना अनुक्रमे ८, ४, २, १ असा जोडलेला आहे. तुलनेनंतर ० समान, १ लहान, २ मोठा. म्हणून ४७८० म्हणजे समान असेल तर जा, ४७७० म्हणजे समान नसेल तर जा, कारण ४+२+१ बरोबर ७, आणि ४७एफ० म्हणजे कसंही असलं तरी जा. बेरजेनंतर ० शून्य, १ उणे, २ अधिक, ३ ओव्हरफ्लो. इथवर सरळ आहे. टीएम ही बिट तपासणारी इन्स्ट्रक्शन मात्र वेगळी वागते: ० म्हणजे तपासलेले सगळे बिट शून्य, १ म्हणजे काही शून्य काही एक, ३ म्हणजे सगळे एक, आणि २ कधी येतच नाही. बीएम हे लघुरूप बेरजेनंतर 'उणे' या अर्थाचं आणि टीएमनंतर 'मिश्र' या अर्थाचं; यंत्राच्या दृष्टीने दोन्ही मास्क ४. बीओ बेरजेनंतर ओव्हरफ्लो, टीएमनंतर सगळे एक. एकच बिट तपासताना 'मिश्र' शक्यच नसतं, त्यामुळे तिथे बीएम लिहिलेली ब्रँच कधीच घेतली जात नाही. असा दोष अबेंड देत नाही, चुकीचं उत्तर देतो.

एडिट इन्स्ट्रक्शनच्या चिन्हांची छोटीशी चौकट आपल्या वाचकांना विशेष आवडावी. हेक्स २० म्हणजे इथे अंक बसवा, पण सुरुवातीची शून्यं लपवा. २१ म्हणजे इथेही अंक, आणि यापुढे शून्य लपवू नका. २२ म्हणजे नवं फिल्ड. ६बी स्वल्पविराम, ४बी दशांश टिंब. स्वल्पविराम कुठे टाकायचा हे पॅटर्न ठरवतो, यंत्र नव्हे. म्हणून लाख-कोटीची मांडणी १९६४ च्या यंत्रावरही सहज होते. नऊ अंकी, पाच बाइटच्या पॅक्ड रकमेसाठी पॅटर्न असा:

४० २० २० ६बी २० २० ६बी २० २१ २० ४बी २० २०

१२३४५६७८९सी ही रक्कम यातून १२,३४,५६७.८९ अशी बाहेर पडते. पाच पैसे असले तर ०.०५ येतं. २१ एक जागा पुढे, टिंबाला लागून, ठेवला तर नुसतं .०५ छापलं जाईल. पॅटर्न तेरा बाइटचा, म्हणून इन्स्ट्रक्शनमध्ये लांबी ०सी, म्हणजे पहिले दोन बाइट डीई०सी. इथली नेहमीची चूक अशी की निकाल पॅटर्नच्याच जागेवर लिहिला जातो. दर वेळी मूळ पॅटर्न एमव्हीसीने (बाइटची नक्कल करणाऱ्या इन्स्ट्रक्शनने) कामाच्या जागेत आणून मगच एडिट करायचं. नाही केलं तर पहिली ओळ सुरेख छापली जाते आणि दुसऱ्या ओळीपासून रकमेची जागा कोरी येते, कारण पॅटर्नमध्ये २० आणि २१ उरलेलेच नसतात.

हेक्स-दशमान तक्त्याबद्दल एवढंच: प्रत्येक स्थानासाठी वेगळा स्तंभ असतो, त्यातून किमती उचलायच्या आणि बेरीज करायची. १४ए३८ साठी ६५५३६, १६३८४, २५६०, ४८ आणि ८, एकूण ८४५३६. चूक स्तंभ डावीकडून मोजल्याने होते. नेहमी उजवीकडून मोजा.

राखीव पत्त्यांचा भाग सिस्टीम प्रोग्रॅमरांच्या कामाचा. प्रोग्रॅम इंटरप्शनचा जुना पीएसडब्ल्यू हेक्स २८ वर, नवा ६८ वर. पाचही प्रकारांत जुन्यात हेक्स ४० मिळवले की नव्याचा पत्ता मिळतो, त्यामुळे अर्धाच तक्ता लक्षात ठेवला तरी चालतो.

१९७० मध्ये सिस्टीम/३७० आलं आणि त्याचं कार्ड पिवळं झालं: जीएक्स२०-१८५०, 'रेफरन्स समरी'. जुन्या इन्स्ट्रक्शन एकही ऑपकोड न बदलता त्यात आहेत. भर पडली ती एमव्हीसीएल ०ई, सीएलसीएल ०एफ, आयसीएम बीएफ, एसआरपी एफ० अशांची. शेवटच्याचा एक परिणाम असा: शून्य या अक्षरांच्या पट्ट्यात, म्हणजे एफ०एफ०एफ० वर, चुकून ब्रँच झाली तर ३६० वर सरळ एस०सी१ येतो, ३७० वर एफ० ही खरी इन्स्ट्रक्शन असल्याने दुसराच अबेंड समोर येऊ शकतो. पीएसडब्ल्यूही बदलला. नव्या ईसी मोडमध्ये इंटरप्शन कोड आणि लांबी पीएसडब्ल्यूमध्ये राहिली नाहीत, ती मेमरीत हेक्स ८डी ते ८एफ इथे जातात आणि डम्पवर वेगळी छापली जातात. ओळखायचं कसं? पीएसडब्ल्यूचा चौथा हेक्स अंक बघा. वरच्या उदाहरणात तो ५ आहे, म्हणजे जुना मोड. ०७८डी१००० मध्ये तो डी आहे, म्हणजे ईसी. हिरवं कार्ड घेऊन ईसी मोडचा पीएसडब्ल्यू वाचायला बसलं तर १००० हा इंटरप्शन कोड वाटतो, आणि असा कोड कार्डावर कुठेच सापडत नाही.

आपल्या मुंबई महानगरात त्या काळी सगळी यंत्रं या घरातली नव्हती. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) १९६४ मध्ये सीडीसी ३६०० आलं. त्याचा शब्द ४८ बिटचा आणि लिखाण अष्टमान, त्यामुळे एक शब्द सोळा अष्टमान अंकांचा. तिथे हिरव्या कार्डाचा काही उपयोग नाही. देशात पुष्कळ ठिकाणी असलेलं आयबीएम १४०१ तर अक्षरांवर चालणारं: जास्तीत जास्त १६००० अक्षरांची मेमरी आणि पत्ता तीन अक्षरांचा. पवईच्या आयआयटीतलं सोव्हिएत बनावटीचं ईसी-१०३० मात्र ३६० च्याच रचनेवर बेतलेलं, त्यामुळे या कार्डावरच्या सामान्य इन्स्ट्रक्शन तिथेही लागू.

सराव घरच्या लॅपटॉपवर होतो. हर्क्युलिस हा एम्युलेटर मोफत आहे, आणि त्यावर एमव्हीएस ३.८जे ही आयबीएमची जुनी ऑपरेटिंग सिस्टीम चालते, त्यात असेंब्लरही येतो. एएसएमएफसीएलजी प्रोसीजरने छोटा प्रोग्रॅम असेंबल करून चालवा, एका पॅक्ड फिल्डमध्ये मुद्दाम स्पेसेस टाका आणि एपी करा. गो स्टेपला एसवायएसयूडम्प डीडी, म्हणजे डम्प कुठे जावा ते सांगणारी ओळ, द्यायला विसरू नका. ती नसली की अबेंड होतो पण डम्प मिळत नाही. एमव्हीएसवरचा पीएसडब्ल्यू ईसी मोडचा असेल, म्हणून पिवळं कार्ड जवळ ठेवा.

मूळ कार्डाचे स्कॅन मिळतात, पण ए४ वर छापले की अक्षर वाचवत नाही. स्वतःचं कार्ड तयार करणं अधिक चांगलं, आणि ते करताना अर्धं पाठही होतं. ए४ आडवा धरून लांबीच्या दिशेने अर्धा कापला की २९७ गुणिले १०५ मिलिमीटरची पट्टी मिळते. तीन घड्या घालून तिचे चार भाग केले की प्रत्येक पान ७४ गुणिले १०५, शर्टाच्या खिशात सहज जाणारं, आणि दोन्ही बाजूंनी आठ पानं. सहा पॉइंटचा समान रुंदीचा टाइप घेतला तर एका ओळीत सुमारे ५२ अक्षरं आणि पानावर सुमारे ३८ ओळी बसतात. अक्षर तक्त्याच्या २५६ ओळी चार स्तंभांत मांडल्या की दोन पानांत मावतात. शून्यात तिरकी रेघ असलेलाच टाइप निवडा. नाहीतर डी आणि शून्य यांची गफलत होणारच.

छापताना 'फिट टू पेज' बंद करून खऱ्या मापात छापा, नाहीतर घडीच्या रेघा सरकतात. दोन्ही बाजूंच्या छपाईला आडव्या पानासाठी शॉर्ट एज निवडा. लाँग एज ठेवलं तर मागची बाजू उलटी येते. नौपाड्यात किंवा ठाणे स्टेशनजवळ झेरॉक्सच्या दुकानात २०० जीएसएमचा कागद आणि लेसर छपाई मागा. इंकजेटची शाई घामाने आणि पावसाने पसरते. घडी कागदाच्या धाग्याच्या दिशेने पडली पाहिजे: कागद दोन्ही दिशांनी हलका वाकवून बघा, जिकडे कमी जोर लागतो ती दिशा घडीची. आधी पोलादी पट्टी लावून शाई संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबा, मग घडी घाला. रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन मिलिमीटर कोरे ठेवा, कारण घडीवरचा टोनर काही दिवसांत सुटतो.

कोणाकडे मूळ हिरवं किंवा पिवळं कार्ड असेल तर ते लॅमिनेट करू नका. उष्णतेने चिकटवलेलं प्लॅस्टिक परत निघत नाही आणि घड्या कायमच्या मोडतात. खाडीकाठच्या आपल्या हवेत जून ते सप्टेंबर कागद ओल धरतो, बुरशी येते, कसर लागते. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, घडी सैल ठेवून, सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवा, आणि डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको. रबर बँड आणि पिना आधी काढून टाका. पहिला वितळून चिकटतो, दुसऱ्या गंजतात. स्कॅन करायचं असेल तर ६०० डीपीआय, घडी पूर्ण उघडून, वर जड काच ठेवून. घडीच्या रेघेवरचा मजकूर सावलीत जातो, तेवढा भाग कार्ड अर्ध्या वर्तुळात फिरवून दुसऱ्यांदा घ्या.